तेवीस अधिक एक

आमच्या तोरितामात घरोघरी मशीन चालतं.
बाकीच्या बायका जीन्स शिवतात,
मी फुटबॉलच्या शर्टांवर आकडे लावते,
गल्लीतल्या, रंगाच्या गिरणीतल्या, चर्चमधल्या टीमचे,
एक ते तीस.
मधला चोवीस सोडून.

का, ते कुणी विचारत नाही.
प्राण्यांच्या मटक्यात तेविसावर अस्वल,
पंचविसावर गाय
आणि चोविसावर हरीण.
आणि हरीण म्हणजे आमच्याकडे
तसला पुरुष.
एवढंच.
एवढ्यासाठी शाळेत चोवीस नंबरचं पोर
हजेरीला मान वर करत नाही.
एवढ्यासाठी चोविसाव्या खाटेवरचा म्हातारा,
घटका मोजत असलेला,
नर्सला म्हणतो, खाट बदलून द्या.
खरं हरीण तोरितामात कुणी पाहिलेलं नाही.

कापडी आकड्यांचा गठ्ठा मात्र कारखान्यातून पुरा येतो,
त्याला आमची लाज ठाऊक नाही.
दर गठ्ठ्यातला चोवीस मी बाजूला काढते,
बिस्किटांच्या डब्यात टाकते.
फेकवत नाही, कापड महाग आहे.
एकोणीस वर्षांचे चोवीस आहेत त्यात.
झाकण आता बसत नाही.

आणि तो शब्द.
दोरा तुटला, हरीण.
सुई मोडली, हरीण.
वीज गेली, बस चुकली,
मांजरानं दुधात तोंड घातलं,
अदेमार दिरानं पैसे बुडवले:
हरीण कुठला, हरीण मेला.
राग नसायचा हो त्यात, शपथेवर सांगते.
ओठांत चार टाचण्या धरलेल्या असल्या
तरी तो फटीतून बरोब्बर निसटायचा,
एक टाचणी कधी पडली नाही.

शनिवारी जेनिवाल आला रेसिफीहून, वाढदिवसाला.
रोझियानेनं केकवर क्रीमनं लिहिलं होतं
तेवीस अधिक एक.
सगळे खो खो हसले.
अदेमार टेबल बडवत म्हणाला,
हे एक वर्ष जपून राहा रे बाबा!
जेनिवालही हसला.
अर्ध्या टाक्याएवढा उशिरा.

दुसऱ्या कुणाला कळलं नसेल.
माझा जन्म टाके मोजण्यात गेला.

रात्री भांडी मी विसळत होते, तो पुसत होता.
म्हणाला, हसतच म्हणाला,
"लहान होतो ना आई, तेव्हा मला वाटायचं
हरीण हे मशीनचं नाव आहे.
दिवसभर तू त्याला हाका मारायचीस.
मला इतक्या नाही मारायचीस.
हेवा वाटायचा."

"मग?"

"मग शाळेत गेलो."

आणि कोरडी झालेली बशी
तो पुसत राहिला.
मी काहीतरी बोलायला हवं होतं.
मी म्हणाले,
पुसून झाली ती बशी.

सकाळी गिरणीच्या टीमचे शर्ट घेतले.
तेविसावर आले आणि दोरा अडकला,
खाली सगळा गुंता.
तो शब्द आला,
रोजच्यासारखा, न बोलावता,
टाचण्यांपर्यंत आला.
मी ओठ मिटले.
आणि बाई गं, टोचला.
एवढासा तर होता, कुठे ठेवायचे मी हे टोक
इतकी वर्षं?
माझ्या तोंडात तर नव्हतं.

पडद्याआडून आवाज आला,
"थांबलीस का? म्हण की."
जागा होता.

मी गुंता सोडवला. पंचविसावा शर्ट उचलला,
परत ठेवला, चहाला आधण टाकलं.
पंचविसावा पूर्ण केला तो संध्याकाळी,
तो बसमध्ये बसल्यावर.

आता दोरा तुटला की मी गप्प राहते.
मशीनला दुसरं नाव
अजून सुचलेलं नाही.