शून्य दाबा

सांगलीच्या मार्केट यार्डात, पेढीवर
नवा फोन बसला, इंटरनेटवरचा.
'हळदीसाठी एक दाबा, बेदाण्यासाठी दोन.'
बाई कुठली कोण जाणे,
बोलते मात्र गोड.

आवटीबाई एकवीस वर्षं
नुसत्या खाकरण्यावरून ओळखायच्या
इरोडचा व्यापारी, तासगावचा दलाल,
आणि भाव पडला की
आधी जेवणाचं विचारणारे शेट.

पोरानं जुना बोर्ड उचकटला.
रिसीव्हरच्या भोकांत हळद,
वायरीसुद्धा पिवळ्या.
'टाकू का हे?'
'थांब. चौदा नंबर गोदामाचा.
बिराप्पा हमाल अजून तोच लावतोय.'

'मावशी, आता शून्य दाबलं की माणूस घावतोय.'
'कोण माणूस?'

पोरगं यादीवर बोट फिरवतं.
शून्यापुढं
त्यांचंच नाव.