रकाना सहावा

एकतीस वर्षं मी वाशीला, शिधावाटपाच्या खिडकीत बसले.
पत्त्याचा पुरावा नाही? मग उद्या या.
हे वाक्य मी इतक्यांना दिलं
की निवृत्त होताना माझ्याकडचे उद्या संपत आले होते.

आता मी खिडकीच्या या बाजूला उभी असते,
शेजारी अनसूया तुर्भेकर.
वय अठरा पूर्ण, नाव मात्र आजीच्या वयाचं.
तुर्भ्याच्या मालधक्क्याजवळ सापडली म्हणून तुर्भेकर;
अनसूया ही पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराची आई.
दोन्ही उसनं.
सही तेवढी तिची स्वतःची :
शेवटच्या 'र'ची शेपटी ओढत नेते, कागद संपेपर्यंत.

समितीच्या आदेशात एकच ओळ,
"वय पूर्ण झाल्याने संस्थेतून मुक्त."
आमच्याकडे पोती अशी मुक्त व्हायची गोदामातून.
पण पोत्यांच्या चलनावर
कुठल्या दुकानात उतरायचं ते लिहिलेलं असे.

तिच्याकडे एक पत्र्याची पेटी, शिवणकामाचं प्रमाणपत्र,
आणि मी.
मी म्हणजे दर रविवारी, आणि अडलं तर केव्हाही.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, तिच्या वतीने बोला, तिच्याऐवजी नको.
वहीत उतरवून घेतलं होतं मी, खाली रेघ मारून.
घणसोली गावात खोली बघताना मालकिणीने विचारलं,
"ही कोन हाय तुमची?"
मी भाची म्हणून मोकळी झाले.
जिना उतरताना अनसूया म्हणाली,
"मॅडम, खोटं नका ना बोलू.
नंतर ते मलाच लक्षात ठेवायला लागतं."
परत वर गेलो. या वेळी तीच बोलली, सगळं खरं.
खोली मिळाली नाही.

पाचवी मिळाली. खाली सुकटीचं दुकान,
डिपॉझिट तीन हप्त्यांत.
पहिल्या रात्री अकराला फोन :
"कडी आतून लावली तर चालेल ना? कोणी ओरडणार नाही?"
आजवर तिच्या दाराला कुलूप बाहेरूनच होतं.
लाव म्हटलं.
फोनमधून कडी सरकल्याचा आवाज आला,
मग उघडल्याचा,
मग पुन्हा लावल्याचा.

पहिली आमटी केली ती पातेल्यात मावेना.
हाताला अंदाज सत्तर जणींचा.
एकीला डाळ किती पुरते, तिने विचारलं,
आणि मला सांगता येईना.
हे गेल्यापासून मीही अजून दोघांचीच लावते.

ऑगस्टमध्ये महापेची नोकरी सोडली, न सांगता.
सतरा दिवस फोन बंद.
काय काय सुनवायचं ते पाठ करत गेले मी.
दार उघडं होतं. भाड्याच्या मशीनवर
शेजारणीचा ब्लाउज उसवत बसली होती.
"सुपरवायझर रोज विचारायचा, आईवडील काय करतात.
रोज काय नवीन सांगणार?"
मी उंबऱ्यात बसले आणि हुक लावायला घेतले.
तीन उलटे लावले, तिने न बोलता काढले.

आज बँक, कोपरखैरणे.
रकाना सहावा : अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे, आणि नाते.
"मोकळं नाही चालणार," खिडकीतला मुलगा म्हणाला.
मला माहीत आहे, बाळा. याच एका मोकळ्या चौकटीपायी
मी किती माणसं परत पाठवली.
'इतर' लिही, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.
गिळलं.

तिने माझं नाव लिहिलं, एक वेलांटी चुकवून.
मग पेन थांबलं.
मागे कोणीतरी खाकरलं, टोकनचा आकडा बदलला.
मग नाते या शब्दापुढे तिने लिहिलं,
बरोबर
आणि 'र'ची शेपटी चौकटीबाहेर, थेट
फक्त कार्यालयीन उपयोगासाठी राखलेल्या जागेत.

मुलाने अर्ज जवळ धरला, लांब धरला.
"बरोबर? बरोबर काय?"
माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.
"साहेबांना विचारावं लागेल. उद्या या."

"उद्या किती वाजता?" अनसूयाने विचारलं,
आणि त्याचंच पेन घेऊन
तळहातावर लिहायला थांबली.