ळ

रुवीत, चौथ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
अंकलिपी उघडते मी. पानांना अजून
बॅगेतल्या सांडग्यांचा वास.

शाळेत अरबी उजवीकडून, घरी मराठी डावीकडून.
'नळ' दाखवला तर शाल्मली वाचते, "ळन",
मग स्वतःच हसते, बोट उचलून
दुसऱ्या टोकाला नेते,
एक्झिट चुकलेल्या ड्रायव्हरसारखी.

"ळ पहिला का येत नाही कधी?"
शोधते मी. खरंच, एक शब्द सापडत नाही.
"मागे उभा राहतो तो. बाळ. फळ. जवळ."
"आणि लांब?"
"त्यात साधा ल."

बाबा सोहारला, रिफायनरीवर.
मी नळ सोडते, थंडाचा.
जुलै. पाणी चटका देतं.

गुरुवारी रात्री दाराशी त्याचे बूट.
ती डबा घेऊन धावते, आत्यानं चिपळूणहून दिलेला,
चिकटपट्टीवर बोट:
मे. त. कु. ट.
"मेतकुट!"

आत्यानं उकार ऱ्हस्व काढलाय.
रोज उघडते हा डबा,
मला आज दिसलं.
राहू दिला.

तो मोजे न काढताच खाली बसला:
"पुन्हा वाच."