भिशीचा नंबर

डिसेंबरात माझा नंबर लागला.
सुगंधाबाईंच्या नातीनं स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढली :
शलोमी सुमंत कांबळे. अठ्ठावीस हजार.
बायकांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला,
आणि खडेबाजारातला तो फ्रिज
मी मनातल्या मनात घरी आणला.
दोन दारांचा. जांभळाच्या रंगाचा.
नाताळचा केक खालच्या फळीवर,
नेवऱ्यांचं सारण वरती,
आणि दार उघडलं की जावेच्या तोंडावर पडणारा
तो पांढरा उजेड.

रविवारी देवळात पाळकसाहेब
विधवेच्या दोन टोल्यांवर बोलत होते.
मी गीतांच्या वहीच्या मागं पेन्सिलीनं
लिटर मोजत होते.

मग सुमंतच्या पायाचं प्लास्टर काढायला
सिव्हिलला गेलो. सकाळचे साडेसहा.
कॅम्पातली झाडं धुक्यात अर्धीच उभी होती.
पायऱ्यांवर, पोर्चमध्ये, रुग्णवाहिकेच्या आडोशाला
माणसं झोपलेली. रामदुर्गची, रायबागची, अथणीची,
आत ज्यांचं कुणीतरी आहे
आणि बाहेर ज्यांना जागा नाही, अशी.
एक म्हातारा दुकानाचा फाटका फ्लेक्स
हनुवटीपर्यंत ओढून पडला होता.
त्याच्या छातीवर माझाच फ्रिज.
दोन दारांचा, जांभळाच्या रंगाचा.
वर लाल अक्षरांत : नाताळ धमाका, शून्य व्याज.
तो श्वास घ्यायचा
तसं एक दार थोडं उघडल्यासारखं व्हायचं.

मी सुमंतला काही बोलले नाही.
तोही प्लास्टर निघालेल्या पायाकडंच बघत राहिला,
पांढरट, बारीक, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

शहापुरातून चाळीस चादरी घेतल्या.
दुकानदार म्हणाला, संस्थेची पावती करू का?
नको म्हटलं. डाव्या हाताला कळायला नको म्हणून नव्हे,
जावेला कळायला नको म्हणून.

चोवीसच्या संध्याकाळी मी रिक्षा बोलावली.
पोरं तारा घेऊन गल्ल्यांतून गात निघालेली.
शेजारीण ओरडली, "कुठं जायलालीस गे आता?
केक कोण कापणार?"

पायऱ्यांवर पहिलीच बाई, नीलव्वा.
चादर पुढं केली तर हात हलवून म्हणाली,
"ब्याड्री अक्का." तीन झाल्या म्हणे आजच्यात.
सगळ्यांनी फोटो काढले.
एकानं चादर परत मागून पुन्हा दिली,
पहिल्या वेळी तिचे डोळे मिटले होते म्हणून.

माझ्या हातात चादर तशीच राहिली.
चाळीस चादरींचं ओझं
रिक्षात नव्हतं एवढं आता झालं.

मग तीच म्हणाली, अर्धं कानडी, अर्धं मराठी :
नऊ दिवस झाले, डोकं धुतलं नाही.
हा सासरा. एकटा सोडला तर नळी उपसतो.
तू कुंद्रि. एक तास.

मी बसले.

देवळात तेव्हा दिवे मालवून
एकेक मेणबत्ती लावत असतील.
वाचनाची पाळी माझी होती,
उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, ते वचन.
कुणीतरी वाचलं असेल.
इथं फिनेलचा वास, वॉर्डबॉयच्या रेडिओवर कसलीतरी जाहिरात,
आणि म्हाताऱ्यानं माझ्या पदराचं टोक
घट्ट मुठीत धरलेलं.
झोपेत त्यानं काहीतरी विचारलं. मला एवढंच कळलं,
म्हैस.
मी म्हटलं, "हूं."
तेवढ्यानं तो निवांत झाला.

नीलव्वा दीड तासानं आली.
केस मोकळे, ओले, साबणाचा स्वस्त वास,
पाठीवरचं लुगडं भिजलेलं,
आणि चेहऱ्यावर तिशीतली एक बाई
जी आधी मला दिसलीच नव्हती.
तिनं तो फ्लेक्स चार घड्या करून फरशीवर टाकला,
म्हाताऱ्याला कुशीवर वळवून त्यावर सरकवलं.
खालून गार लागत नाही, म्हणाली.
वरती मग माझी चादर घेतली. एकच.

बाकीच्या वाटायला बारा वाजले.

घरी सुमंत जागा होता. केक न कापलेला.
जुना फ्रिज नेहमीसारखा कण्हत होता.
दूध नासलेलं.
डब्यात अजून सोळा हजार आहेत.
त्यांचं काय करायचं
मी ठरवलेलं नाही.
सकाळी उपासनेला जाताना रिक्षावाल्याला
सिव्हिलवरून घे म्हटलं.
पदराच्या टोकाला चुण्या तशाच होत्या.
इस्त्री केली नाही.