हुंकार

काखेतीतल्या त्या अंगणात रांजण पुरलेले होते गळ्यापर्यंत,
सहा,
आणि मी तेरा वर्षांची, सुट्टीपुरती मावशीकडे धाडलेली.
शेजारच्या सेव्हेरियनने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं
बाजारात भोपळा बघावा तसं,
आणि मावशीला विचारलं, "ही देतेस का दोन दिवस?
माझे खांदे आता त्या तोंडातून जात नाहीत."

आधी त्याने दोराला बांधून मेणबत्ती खाली सोडली.
ती जळत राहिली.
मग मला सोडलं.

आत द्राक्षांचा शिळा, आंबूस अंधार.
हातात चेरीच्या सालींचा कुंचा, कमरेला दोर,
आणि वर ताटलीएवढ्या आभाळात त्याची टोपी.
"बोलत राहा," तो म्हणाला, "काहीही बोल.
आत वारं नसतं, माणसाला कळतही नाही.
गप्प झालीस की मी ओढणार."

घरी सगळे सांगायचे, तेकले, गप्प बस.
माझं गप्प बसणं न परवडणारा
हा पहिलाच मोठा माणूस.

पाढे म्हटले. तिबिलिसीतल्या आमच्या बसचे थांबे म्हटले,
जातानाचे, मग येतानाचे उलटे.
वर्गातल्या मुलींची नावं, त्यांच्या कुत्र्यांची नावं.
दुसऱ्या रांजणापर्यंत सगळं संपलं
आणि भिंत अजून अर्धी लाल.
तेव्हा मी सांगितलं की आईबाबा एकाच टेबलावर जेवतात
आणि एकमेकांकडचं मीठ माझ्याकरवी मागतात.
सांगितलं की आईच्या पर्समधले वीस लारी मीच घेतले,
आणि संशय जिच्यावर गेला
ती कामवाली बाई परत आली नाही.
वरून आवाज आला,
"डावीकडे. खाली. तिथे अजून गाळ आहे."

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही.

निघताना त्याने मजुरी दिली, चुरगळलेले वीस लारी,
आणि वेगळे आणखी वीस.
"हे तिला," एवढंच म्हणाला. "शोध."
सापडली ती. पण ती गोष्ट वेगळी.

चार उन्हाळ्यांत माझे खांदे रुंदावले.
शेवटच्या वर्षी सहाव्या रांजणात तिरकी होऊन, श्वास आवरून शिरले,
आणि सांगायला काही उरलं नव्हतं,
किंवा होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं.
वर तो गुडघे टेकून बसला. हाडं वाजलेली ऐकू आली.
"बरं," म्हणाला, "आज मी बोलतो.
तू नुसता हुंकार दे."

त्याला एक भाऊ होता. माल्खाझ. अकरा वर्षांचा.
हूं.
गाणं म्हणत उतरायचा. आवाज असा, की बायका विहिरीवर थांबायच्या.
हूं.
ऑक्टोबर होता, शेजारचे रांजण आंबत होते,
मेणबत्ती लावायची राहिली. घाई होती. दोर माझ्या हातात होता.
हूं.
"गाणं थांबलं तेव्हा मला वाटलं,
शब्द विसरला असेल."

दोर माझ्या कमरेला एकदम ताणला,
तेव्हा लक्षात आलं, हुंकार द्यायचा राहिला.
"हूं," मी ओरडले. "आहे मी. हूं."
दोर हळूहळू सैल झाला.
"डावीकडे," तो म्हणाला,
आणि मग बराच वेळ वरून काही नाही.
टोपीही दिसेना.

म्हणून मी पाढे म्हणायला घेतले,
दोनपासून,
मोठ्याने.