आ म्हणा

सिव्हिलमध्ये बुधवारी बोर्ड बसतं.
सहाला निघालो, तरी माझ्याआधी एकोणचाळीस चपला.
माणसं भिंतीच्या सावलीत, चपला रांगेत.
मीही उजव्या पायातली काढून ठेवली, चाळिसावी,
आणि एक पाय अनवाणी, शकूने दिलेली पिशवी पुन्हा तपासली.
बायोप्सी. ऑपरेशनचा कागद. पस्तीस शेकांची फाईल.
आधारच्या तीन झेरॉक्स.
निराधार योजनेलाही आधार लागतो बरं का,
हा विनोद झेरॉक्सवाल्याचा.
मी हसलो. माझं हसू आता गळ्याच्या भोकातून निघतं,
वरचा रुमाल तेवढा हलतो.

सव्वाअकराला शिपाई दारात आला.
खैरनार! दामोदर खैरनार!
मी उभा राहिलो, हात वर केला.
पुढे कुबड्यांवरचा उंच पोरगा, त्याच्यापुढे खांब.
खैरनार आहेत का? नाहीत. पुढचा.

एकतीस वर्षं जुन्या सीबीएसवर
काचेच्या खोपटात बसून मी हाका मारल्या.
पेठ, सुरगाणा, फलाट क्रमांक चार.
सटाणा, ताहराबाद, फलाट क्रमांक सात.
सिन्नरची विनावाहक, पाकिटं सांभाळा.
हरवलेली पोरं माझ्या टेबलावर बसून बिस्किटं खायची
आणि त्यांच्या आया आवाजाच्या रोखाने धावत यायच्या.

हजर.
तीनच तर अक्षरं.

शेवटी डब्याचं झाकण पायरीवर आपटलं.
अख्खी रांग वळली.
पोरगा ओरडला, अहो, हे बाबा आहेत इथे,
यांना बोलता येत नाही!
बरं वाटलं.
आणि इतकं सोपं वाक्य होतं ते,
याचं वाईटही वाटलं.

आत गेलो तेव्हा तीन वाजत आले होते.
मॅडम तरुण, मान खाली घालून लिहिणाऱ्या.
काय त्रास?
मी वही पुढे केली. स्वरयंत्र काढलं. गेल्या पोळ्याला.
कॅन्सर यादीत येत नाही काका, त्या म्हणाल्या,
आवाज येतो.
हे वाक्य मी घरी नेलं,
अजून ऐकतोय.

आ म्हणा.
म्हणालो.
माझ्याच खाकी शर्टाच्या बाहीतून शकूने शिवलेला रुमाल फुगला
आणि टेबलावरचा फॉर्म सरकला.
मॅडमनी त्यावर स्टेपलर ठेवलं.
पुन्हा म्हणा.
कागदाची एक कड स्टेपलरखाली फडफडली.
त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पहिल्यांदाच.
टक्के मेसेजवर येतील.
कायमस्वरूपी की तात्पुरतं,
या दोन चौकटींपाशी पेन जरा थांबलं.
टिकली कुठल्या चौकटीत पडली, ते हाताआड राहिलं.

आता तहसील. उत्पन्नाचा दाखला.
पेन्शन अठ्ठावीसशे, ती मर्यादेत बसते का, सोमवारी या.
मंजूर झालं तर दरसाल हयातीचा दाखला,
म्हणजे जिवंत आहोत हे जाऊन दाखवायचं.
दाखवू. त्याला तोंड लागत नाही.

परतताना पाय सवयीने सीबीएसकडे वळले.
खोपटाच्या काचेवर कुणीतरी भाड्याच्या खोलीची जाहिरात चिकटवलीय.
बाकावर एक बाई,
तिच्या पिशवीतून कोंबडीची मान बाहेर.
बाबा, पेठची कुठं लागंल?
मी चार बोटं दाखवली.
चार नंबर का चार वाजता?
मी मान हलवली.
नंबर?
हलवली.
वाजता?
हलवली.
येडं हाये गं हे, ती कोंबडीला म्हणाली,
आणि उठून चार नंबरवर जाऊन बसली.
चाराला दहा मिनिटं कमी होती.