अठ्ठ्याऐंशी हजार चारशे बारा

अंबडचे कारखाने शनिवारी बंद, माझी सुट्टी तेव्हा.
श्रीरंगची रविवारी.
त्यामुळे मॅटॅडोरच्या वाट्याला आम्ही दोघं एकदम कधी येत नाही.
मी पत्रा घासून ठेवते, तो येऊन प्रायमर मारतो,
मागच्या दारावर खडूनं निरोप:
"डाव्या बिजागरीला हात लावू नकोस."
मी लावते.

अण्णांनी ती एका बेकरीवाल्याकडून घेतली होती,
पहिले दोन उन्हाळे आत खारीचा वास.
मग बाकं केली, बाकांचे पलंग होतील अशी.
पडद्यांना सायकलच्या स्पोका.
स्टोव्हला पत्र्याची पेटी, जिच्याकडे बघून आई म्हणायची,
"घरी गॅस आहे की मला."
तरी बसायची पुढेच,
इंजिनाची धग लागते म्हणून पाय वर घेऊन.

अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये.
रोज संध्याकाळी गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
एकतीस वर्षं.
रुमाल, बसचा पास, बडीशेपेचे चार दाणे.
आणि रविवारी तोच माणूस
कुठल्या विहिरीवर सुरुंग लागला असं ऐकलं
की गाडी काढायचा,
आणि परतताना दोन्ही खिसे
गुडघ्यापर्यंत लोंबायचे.

ते गेल्यावर बाकांच्या फळ्या उचकटल्या.
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले दोनशे साठ दगड.
प्रत्येकावर चिकटपट्टी, निळी शाई.
गाव नाही, तारीख नाही,
नुसता मीटरचा आकडा.

५२,१०६: हिरवट, बाटलीच्या बुडासारखा.
५२,९४०: पेरूच्या आतला रंग, फुलकोबीचा आकार.
६१,३३३: सुयांचा गोळा. अजून टोचतो.
मग ८८,४१२.
पुन्हा ८८,४१२.
एकशे सात दगडांवर ८८,४१२.

श्रीरंगला वाटलं, एकाच विहिरीची लूट.
पण डॅशबोर्ड मी उघडला होता.
मीटरची केबल तुटलेली,
तुटकं टोक कापडी पट्टीनं नीट बांधून ठेवलेलं.
म्हणजे त्यांना माहीत होतं.
म्हणजे पुढची सगळी वर्षं,
माझी दहावी, माझं लग्न, माझं परत येणं,
आईचं पुढच्या सीटवरून कायमचं उठणं,
गाडी चालत होती
आणि हा माणूस इमानानं
दिसेल तोच आकडा लिहीत होता.

सिन्नरहून एक गृहस्थ आले, भिंग घेऊन.
"गाव कळतं तर किंमत आली असती.
हे आकडे काय चाटायचे?"
त्यांना चहा दिला.
दगड पुन्हा बाकाखाली. घरात जागा कुठंय.

शकूरभाईंनी द्वारकेवरून नवी केबल आणली, एकशे ऐंशी रुपये.
श्रीरंगनं लिहिलं: बसवू नकोस.
मी लिहिलं: पासिंगला लागेल.
त्यानं लिहिलं: पासिंगला मीटर कोण बघतं?
दोन आठवडे दार भरत गेलं.
शेवटी कुणीतरी त्यावरूनच रंग मारला.

काल त्यानं रजा टाकली.
उपनगरहून निघालो, पाथर्डी फाट्यापर्यंत झकास,
विल्होळीच्या चढाला गाडीनं मान टाकली.
"हँडब्रेक तुझ्याकडे होता ना?"
दोघं एकदम.
गाडी मागे सरकायला लागली.
मी उडी मारली, दगड शोधू लागले.
एवढा मोठा रस्ता, आणि खडीचा कण नाही.
मागचं दार उघडलं, हाताला लागला तो ओढला,
चाकाखाली सारला.

करकर वाजलं. थांबली.

वाकून पाहिलं, चिकटपट्टी वरच होती.
तोच आकडा.
एक कोपरा फुटला होता,
आत हिरवं, ओलं वाटावं इतकं ताजं.
श्रीरंग उतरला. उकिडवा बसला.
ते खापरीएवढं तुकडं उचलून
खिशात टाकलं.

मग डॅशबोर्डकडे न बघताच म्हणाला,
"किती झाले?"

"चौदा."